८५ टक्के जंगल राखलं म्हणजे नेमकं कुठलं राखलं? (ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट, सेमिनारसाठी मदत हवीय)

निशिगंध_नकाशे
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. सेमिनारसाठी मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट घेतलंय. सुमारे ६४ लाख हेक्टरचा पट्टा, उत्तरेला पार अलास्काच्या हद्दीपर्यंत, थंड हवेतलं पण धो धो पावसाचं जंगल, फ्योर्डांनी, म्हणजे जमिनीत खोलवर घुसलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांनी, चिरलेला किनारा आणि हजारो बेटं. जिथे वाचायला जावं तिथे एकच वाक्य भेटतं, की २०१६ च्या करारात ८५ टक्के जंगल तोडीपासून राखलं आणि १५ टक्के तोडीसाठी ठेवलं. ऐकायला छान आहे पण मला ते ८५ काही पचत नाहीये.

का ते सांगते. सराव म्हणून मी एका डोंगराळ किनाऱ्याचा डेटा घेऊन मार्क्सन (कमीत कमी खर्चात कुठले तुकडे राखायचे ते सुचवणारं सॉफ्टवेअर) चालवलं, टार्गेट दिलं एकूण क्षेत्राच्या ५० टक्के, कॉस्ट म्हणून लाकडाची किंमत टाकली, आणि रन संपल्यावर बघते तर सगळं हिरवं डोंगरमाथ्यावर. हिमनद्या, उघडे कातळ, खुरटी झुडपं हे सगळं राखीव, आणि नदीकाठचे सपाट पट्टे जिथे खरी अजस्र झाडं असतात ते जवळजवळ सगळे बाहेर. आणि सॉफ्टवेअर म्हणतंय टार्गेट पूर्ण झालं. तीन दिवस खपून बर्फच वाचला हे बघून फार वाईट वाटलं.

मग मनात आलं की ग्रेट बेअरचे ८५ पण असेच असतील का? कशाचे ८५, कुठले ८५, आणि ठरवलं कोणी? मार्गदर्शकांनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी प्लीज सांगा.

अजित_रास्टर
निशिगंध, तुझं सॉफ्टवेअर बरोबर चाललंय, त्याला जे मागितलं तेच त्याने दिलं. 'क्षेत्र' मागितलं की ते सगळ्यात स्वस्त क्षेत्र देणार, आणि स्वस्त म्हणजे जिथे लाकूड नाही ते. ही चूक तू एकटीने केलेली नाहीस, जगभरातली कितीतरी जुनी अभयारण्यं अशीच झालीयत, जे कोणालाच नको होतं ते उदारपणे राखलं गेलं. या क्षेत्रातली माणसं त्याला सरळ 'कातळ आणि बर्फ' असंच म्हणतात.

आता ग्रेट बेअरच्या टक्केवारीचा छेद, म्हणजे ८५ टक्के कशाचे, ते बघ. एकूण ६४ लाख हेक्टर, पण त्यात जंगल साधारण ३६ लाख, बाकी कातळ, बर्फ, दलदल, पाणी. ८५ टक्के हे त्या ३६ लाखांचे आहेत, म्हणजे सुमारे ३१ लाख हेक्टर जंगल तोडीबाहेर आणि साडेपाच लाख हेक्टर तोडीसाठी. त्यामुळे बर्फ तरी हिशोबात नाही, तिथे मन शांत ठेव. पण जंगल म्हटलं तरी त्यात दलदलीतली खुरटी झाडं आली आणि नदीकाठचे प्रचंड सिट्का स्प्रूस वृक्षही आले, आणि दोन्हीचा एक हेक्टर सारखाच मोजला तर परत तोच घोळ.

म्हणून तिथल्या योजनेचा खरा कणा ८५ नाहीये, ७० आहे. जंगलाचे प्रकार पाडले, माती किती खोल, ओल किती, उंची किती, कुठली झाडं, असं करून, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळं टार्गेट दिलं, की माणसाने हात लावला नसता तर या प्रकारात जुनं जंगल जितकं असतं त्याच्या ७० टक्के तरी पूर्ण प्रदेशात राहिलं पाहिजे. 'जुनं' म्हणजे तिथे साधारण २५० वर्षांच्या वरचं. हा आकडा हवेतून आलेला नाही. २००२ ते २००४ च्या सुमारास कोस्ट इन्फर्मेशन टीम नावाचा स्वतंत्र शास्त्रज्ञांचा गट बसवला होता, त्यांनी मांडलं की नैसर्गिक प्रमाणाच्या ७० टक्के राखलं तर धोका कमी आणि ३० च्या खाली गेलं तर मोठा. आणि लक्षात घे की त्या किनाऱ्यावर इतकी ओल असते की अख्खं जंगल जाळून टाकणारे वणवे फार क्वचित लागतात, एखादं झाड वाऱ्याने पडतं, कुठे दरड येते, तेवढीच जागा मोकळी होते आणि बाकी जंगल म्हातारं होत राहतं. म्हणजे नैसर्गिक स्थितीत बहुतेक जंगल जुनंच. त्याचे ७० टक्के हे फार मोठं मागणं होतं आणि ते मान्य झालं, हे मला आजही विशेष वाटतं.

तुझ्यासाठी उपाय, क्षेत्राचं टार्गेट काढून टाक, प्रत्येक जंगलप्रकार वेगळा फीचर (स्वतःचं टार्गेट असलेला घटक) कर, नदीकाठाच्या प्रकारांना टार्गेट चुकलं तर दंड जास्त ठेव, आणि एकच बेस्ट सोल्युशन बघू नकोस, शंभर रन घे आणि कुठला तुकडा किती वेळा निवडला जातो ते बघ. जो नव्वद वेळा येतो त्याला पर्याय नाही असं समज. निवडलेले तुकडे एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून सीमेच्या लांबीचा गुणकही वाढवून बघ नाहीतर ठिपके ठिपके येतील. कोस्ट इन्फर्मेशन टीमनेसुद्धा मार्क्सनच वापरलं होतं, पण शेवटची रेघ सॉफ्टवेअरने मारली नाही, चर्चेच्या टेबलावर ठेवायला एक नकाशा दिला इतकंच.

ओली_बूटं
अजितदादांनी आकडे छान सांगितले, मी जरा जमिनीवरचं सांगतो. दोन उन्हाळे त्या किनाऱ्यावर एका फील्ड क्रूबरोबर होतो, झाडं मोजायला. नकाशावर जो एक पॉलिगॉन दिसतो ना तो पार करायला आम्हाला पूर्ण दिवस लागायचा, आडवे पडलेले ओंडके छातीएवढे, त्यांच्यावर शेवाळ आणि शेवाळावर नवीन हेमलॉक वृक्षाची रोपं ओळीने उगवलेली, मध्ये डेव्हिल्स क्लब नावाची काटेरी झुडपं, त्याचे काटे ग्लोव्हजमधून घुसतात आणि दोन दिवस बोट ठसठसतं.

एक दिवस एका लाल सीडरपाशी आमच्याबरोबर आलेले तिथल्याच गावचे एक आजोबा थांबले. खोडाला एका बाजूने लांब उभा व्रण होता, खाली दोन हात रुंद आणि वर निमुळता होत होत माझ्या डोक्याच्या कितीतरी वर टोकाला संपलेला. मला वाटलं वीज पडली असेल. ते म्हणाले नाही, साल काढलीय. वसंतात झाडात रस चढला की बुंध्याशी आडवा छेद द्यायचा आणि पट्टा धरून मागे मागे चालत ओढायचा, तो आपोआप निमुळता होत सुटतो. त्याच्या टोपल्या, चटया, दोर, कपडे. झाड मरत नाही, दोन्ही बाजूंनी नवीन लाकूड वळून येतं आणि कडा ओठांसारख्या जाड होतात. त्या कडेची वर्तुळं मोजली की साल कुठल्या वर्षी काढली ते कळतं. आजोबांनी हात त्या कडेवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता हे प्लॅनिंगमध्ये कसं येतं ते बघा. ब्रिटिश कोलंबियाच्या वारसा कायद्यात १८४६ च्या आधीची खूण असेल तर झाडाला आपोआप संरक्षण मिळतं. १८४७ ला काढली असेल तर त्या कायद्याने आपोआप काही नाही. म्हणजे एक वर्तुळ इकडे की तिकडे यावर सगळं. ग्रेट बेअरच्या जमीन वापराच्या आदेशात म्हणूनच अशा झाडांची तरतूद वेगळी केलीय, आणि होडी, टोटेम खांब, मोठं घर यांना लागणाऱ्या प्रचंड सीडरचीही. होडीला लागतो तसा सरळ, बिनगाठीचा, आतून न कुजलेला सीडर तयार व्हायला कित्येक शतकं जातात. सॅटेलाइटवर हे काही दिसत नाही, तिथे चालतच जावं लागतं.

अजून एक. मार्बल्ड मरलेट म्हणून समुद्रपक्षी आहे, मासे समुद्रात पकडतो पण अंडं घालायला जुन्या जंगलात येतो. घरटं बांधतच नाही. जाड आडव्या फांदीवर शेवाळाची गादी असते त्यात एक खळगा, आणि त्यात एकच अंडं. पहाटेच्या अंधारात ये-जा करतो म्हणून कितीतरी वर्षं कोणाला पत्ताच नव्हता, उत्तर अमेरिकेत त्याचं झाडावरचं पहिलं घरटं सापडलं १९७४ ला, तेही कॅलिफोर्नियात झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्या माणसाला. आता तुम्हीच सांगा, लावलेल्या जंगलात साठ वर्षांनी झाडं उंच होतील, पण अशी शेवाळाची गादी धरणारी फांदी कुठून आणणार? नकाशावर दोन्ही हिरवंच.

सुबोध_के
चर्चा चांगली चाललीय पण एक गोष्ट मला खटकते. हे सगळं शास्त्रज्ञांनी आणि पर्यावरणवाल्यांनी ठरवलं असं वाटतंय. तिथल्या लोकांचं काय? ज्यांची रोजीरोटी लाकडावर आहे त्यांना विचारलं का? आणि ८५ टक्के म्हणजे सगळं नॅशनल पार्क झालं का?

कस्तुरी_वाचते
सुबोध, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि निशिगंधच्या 'ठरवलं कोणी' चं उत्तरही यातच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या प्रदेशाला ग्रेट बेअर हे नाव चळवळीतल्या लोकांनी दिलं. सरकारी कागदात त्यातल्या मोठ्या भागाचं नाव होतं मिड कोस्ट टिंबर सप्लाय एरिया, म्हणजे लाकूड पुरवठ्याचं क्षेत्र. नावावरूनच कळतं कोणाच्या नजरेने बघत होते. १९९३ ला व्हँकूव्हर बेटावर क्लेयोक्वॉट साउंडला तोडीविरुद्ध रस्ता अडवला तेव्हा ८५० च्या वर लोकांना अटक झाली होती. त्यानंतर चळवळीने रस्ता सोडून गिऱ्हाईक धरलं, जुन्या जंगलाचं लाकूड घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर दबाव आणला, आणि १९९९ ला होम डेपो या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने असं लाकूड विकणं बंद करायचं जाहीर केलं. मग लाकूड कंपन्या बोलायला बसल्या.

पण माझ्या मते निर्णायक गोष्ट वेगळीच होती. २००० च्या सुमारास किनाऱ्यावरचे फर्स्ट नेशन्स, म्हणजे तिथले मूळ रहिवासी समाज, एकत्र आले आणि म्हणाले की आमच्या जमिनीबद्दल तुम्ही दोघं आपसात काय ठरवताय? बहुतेकांनी कधी जमीन सोडल्याचा तह केलेलाच नाही. हेल्टसुक लोकांच्या प्रदेशातल्या ट्रिकेट बेटावर सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या चुलीचा कोळसा सापडलाय, म्हणजे हे रिकामं रान कधीच नव्हतं. मग २००१ ला प्रांत सरकार आणि फर्स्ट नेशन्स यांच्यात चौकट ठरली, आणि शेवटी सरकार ते सरकार, म्हणजे बरोबरीच्या नात्याने, बोलणी झाली. पर्यावरण संघटना आणि कंपन्या यांनी आपली एकत्र शिफारस द्यायची, निर्णय मात्र प्रांत आणि २६ फर्स्ट नेशन्सचा. २००६ ला मोठी घोषणा, २००९ ला पुढचा टप्पा, २०१६ ला अंतिम करार आणि कायदा. १९९३ पासून हिशोब केला तर वीसहून जास्त वर्षं होतात.

रोजीरोटीचं म्हणशील तर पैसा प्लॅनच्या आतच ठेवला, नंतर बघू असं नाही. १२ कोटी कॅनेडियन डॉलरचा कोस्ट फंड्स नावाचा निधी २००७ ला उभा राहिला, निम्मे खासगी देणगीदारांचे, ते संवर्धनासाठी कायम ठेव म्हणून, आणि निम्मे केंद्र व प्रांताचे, ते फर्स्ट नेशन्सच्या उद्योगांसाठी. त्यातूनच गावोगावचे गार्डियन वॉचमन उभे राहिले, जे बोटीने फिरून नद्या, अस्वलं, मासेमारी यांच्यावर लक्ष ठेवतात. २०२२ पासून किटासू हायहायस् आणि नुहाल्क या फर्स्ट नेशन्सच्या काही गार्डियन्सना प्रांताच्या पार्क रेंजरसारखे अधिकार पण दिलेत. आणि लाकूडतोड बंद नाही झाली, वर्षाला २५ लाख घनमीटरची मर्यादा दहा वर्षांसाठी ठरवली गेली, कंपनीलाही पुढचं दिसावं आणि मजुरालाही.

आणि नाही, ८५ टक्के म्हणजे पार्क नाही. २००६ ला सुमारे एक तृतीयांश भाग पूर्ण संरक्षित झाला, त्यात बराचसा कॉन्झर्व्हन्सी या नवीन प्रकारात, जिथे फर्स्ट नेशन्सचे सांस्कृतिक आणि अन्नाचे वापर चालू राहतात पण व्यापारी तोड आणि खाणी नाहीत. उरलेलं बरंचसं नियमांनी राखलेलं आहे, जसे हे अजितने सांगितलेले ७० टक्के. त्यामुळे नियम नीट पाळले जातात का हे कोणीतरी सतत बघत राहिलं तरच ते ८५ आहेत. निशिगंध, हे सेमिनारमध्ये नक्की सांग, बहुतेक लोक इथेच फसतात.

निशिगंध_नकाशे
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, कस्तुरीताई तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. काल रात्री अजितदादांनी सांगितल्याप्रमाणे परत रन घेतले, प्रकारवार टार्गेट आणि शंभर रन. चित्र पूर्ण बदललं! दऱ्यांचे तळ हिरवे झाले, नदीमुखं आली, आणि दोन खोरी तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा निवडली गेली.

पण आता नवीन अडचण. एका प्रकाराचं टार्गेट काही केल्या पूर्ण होत नाहीये, नदीकाठचा सपाट प्रकार, दंड कितीही वाढवला तरी ४० टक्क्यांच्या वर जातच नाही. डेटात चूक आहे का?

दुसरं म्हणजे सॅमन मासे यात कुठे बसवायचे? मासे पाण्यात, झाडं जमिनीवर, मी लेयरच वेगळा ठेवलाय.

अजित_रास्टर
डेटात चूक नसावी. वयाचा लेयर उघडून बघ, त्या प्रकारातलं जुनं जंगल आधीच तोडलेलं असेल. सपाट जागा, मोठी झाडं, ओंडके पाण्यात लोटायला सोपं, म्हणून सगळीकडे तोड तिथूनच सुरू झाली. जे नाहीच ते मार्क्सन कुठून निवडणार. ग्रेट बेअरमध्येही दक्षिणेकडे, जिथे तोड जास्त झाली, तिथे काही प्रकार टार्गेटच्या खाली आहेत. तिथे आत्ताचं तरुण जंगल बाजूला ठेवायचं आणि त्याला म्हातारं होऊ द्यायचं हाच मार्ग. टार्गेट खाली आणू नको हां, तूट किती आहे ते वेगळ्या रंगात दाखव आणि किती वर्षांनी भरेल तेही लिही.

ओली_बूटं
सॅमनबद्दल सांगतो कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. सप्टेंबरात ओढ्याकाठी चालताना वास आधी येतो, मग पाण्यापासून बरंच आत, झाडाच्या मुळाशी अर्धा मासा पडलेला दिसतो. अस्वलं मासा पकडून जंगलात नेतात, भरपूर मासे असले की मेंदू आणि अंडी तेवढी खातात आणि बाकी टाकून देतात. मग अळ्या, पक्षी, पाऊस, आणि शेवटी माती. टॉम राइमकेन यांच्यासारख्या संशोधकांनी झाडांच्या लाकडात नायट्रोजन १५ (नायट्रोजनचं जड रूप, जे समुद्रातून आलेल्यात जास्त असतं) मोजून दाखवलं की समुद्रातला नायट्रोजन झाडांपर्यंत पोचतो. तेव्हा लेयर वेगळा ठेवू नका, ज्या खोऱ्यात सॅमन चढतात तिथे ओढा आणि काठ मिळून एकच युनिट धरा. आणि काळ्या अस्वलांची हिवाळी बिळं त्या किनाऱ्यावर बहुतेक म्हाताऱ्या झाडांच्या पोकळ बुंध्यात असतात, म्हणजे मासे, अस्वल आणि जुनं झाड तिघं एकाच ठिकाणी लागतात. पांढरं स्पिरिट बेअर म्हणतात ते याच काळ्या अस्वलाचं रूप, एका अप्रकट जनुकामुळे, आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पांढरं पिल्लू. प्रिन्सेस रॉयल आणि ग्रिबेल बेटांवर जास्त. काही साध्या काळ्या अस्वलांच्या अंगातही ते जनुक असतं म्हणून फक्त पांढरी मोजून भागत नाही.

सुबोध_के
कस्तुरीताई, पटलं. एकच शंका उरलीय. नकाशा आज काढला, पण हवामान बदलतंय, मग त्या रेषा पन्नास वर्षांनी कामाच्या राहतील का?

कस्तुरी_वाचते
सगळ्या नाही राहणार. पिवळा सीडर घे, हजार वर्षांच्या वर जगणारं झाड. त्याची मुळं ओल्या जमिनीत अगदी वरवर असतात आणि हिवाळ्यात बर्फाची दुलई त्यांना थंडीपासून जपते. आता हिवाळे उबदार होऊन बर्फ कमी पडतो, दुलई लवकर जाते, आणि वसंतात एखादी कडक थंडीची लाट आली की मुळं गोठून मरतात. ऊब वाढली म्हणून झाड थंडीने मरतंय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबून परत वाचलं होतं. आग्नेय अलास्का आणि लगतच्या ब्रिटिश कोलंबियात राखाडी उभे सांगाडे दिसतात. कुऱ्हाड न लावताही राखीव जागेतलं झाड असं जाऊ शकतं.

म्हणून समुद्रसपाटीपासून माथ्यापर्यंत अखंड खोरी राखणं महत्त्वाचं, झाडांना आणि प्राण्यांना वर सरकायला जागा राहते. निशिगंध, तुझ्याकडे उंचीचा लेयर आहेच, तर ती अठ्ठ्याण्णव वेळा आलेली दोन खोरी मुखापासून माथ्यापर्यंत सलग आहेत का एवढं बघ आणि इथे टाक.

निशिगंध_नकाशे
बघितलं ताई. एक सलग आहे. दुसऱ्यात मधोमध जुना लाकूडवाहतुकीचा रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल चाळीसेक वर्षांचं आहे. वयाच्या लेयरमध्ये तो पट्टा तुटीच्या रंगात दाखवलाय, दादा म्हणाले तसं, आणि बाजूला लिहिलंय की जुनं व्हायला अजून दोनशे दहा वर्षं.